लेकीसाठी बांबूचं धनुष्य: कांब कुठली, किती तासायची, बाण कसले?

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. मुलगी सात वर्षांची, दुसरीत शिकते. आजीने अर्जुनाची गोष्ट सांगितल्यापासून धनुष्य पाहिजे म्हणून पाठीस लागली आहे. बेळगावच्या खडेबाजारात प्लॅस्टिकची मिळतात ती दाखवली. तिने एक ओढून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हे वाकतच नाही." तिचं खरं होतं. ताण सगळा रबरी दोरीचा, दांडा नुसता शोभेला.

तेव्हा तिच्या हाताच्या बेताचं लाकडाचं धनुष्य घरीच करायचं ठरवलंय. ताणलं की वाकेल, सोडलं की बाण आठ-दहा पावलांवरच्या गोणपाटाला लागून खाली पडेल, एवढीच अपेक्षा. मुलीची उंची ११८ सेंमी, दोन्ही हात पसरले की ११६ सेंमी. ती डावखुरी आहे. माझ्याकडे करवत, कानस, छोटा रंधा आणि कोयता आहे. सासुरवाडी खानापूर तालुक्यात, त्यामुळे बांबूची ददात नाही. पण कुठला बांबू, केवढा जाड, दोरी कसली, यातलं काही माहीत नाही. आणि घरून पहिला प्रश्न आलाय तो डोळ्यांचा. तो रास्तच आहे, त्यावरही बोला.

जांबोटीकर:
बांबूच घ्या, दुसरा विचार नको. आंब्याची नाहीतर पेरूची हिरवी फांदी वाकवून दोरी बांधली की तासाभरात ती वाकलेलीच राहते, मग बाण पुढ्यात पडतो. पोरांची धनुष्यं एका दिवसात फेकली जातात ती यामुळेच.

आमच्याकडे बांधावर माणगा आहे, मेस आहे, ओढ्याकडेला कळक आहे. धनुष्याच्या कांबेला कळक बरा. काटेरी असतो, तोडताना रक्त काढतो, पण घेर मोठा असल्याने चिरल्यावर कांब सपाट निघते आणि बुडाकडची भिंत चांगली जाड असते. माणगा जवळपास भरीव. तो शिडीला, काठीला उत्तम, पण त्याची सपाट पट्टी निघत नाही. बाणांसाठी मात्र माणग्याच्या कामट्या काढा, सरळ येतात.

बांबू निदान तीन वर्षांचा असावा. कोवळा ओळखायला सोपा: हिरवागार, तुकतुकीत, पेरांवर पांढरी भुकटी. जून झालेल्याचा रंग उतरतो, अंगावर करडे डाग दिसतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकला की खणखणीत वाजतो. आता पावसाळा संपायचा आहे, तर बेटात कोयता घालू नका. कोंब वाढत असतात आणि या दिवसांत तोडलेल्याला भुंगा लवकर धरतो. सासऱ्यांकडे गेल्या उन्हाळ्यातला सुका तुकडा असेल तर तो घ्या, नसेल तर बुरुडाकडून घ्या. खानापूर-जांबोटीच्या जुन्या घरांत चुलीच्या वर आढ्याला बांबू बांधून ठेवतात. तो धुराने काळपट झालेला तुकडा मिळाला तर सोनं समजा. किडीची भीती नाही आणि आतून पूर्ण सुकलेला असतो.

जंगलातून मात्र काही आणू नका. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, आणि त्याबाहेरचं रानसुद्धा वनखात्याचंच. धामणीचं लाकूड धनुष्याला नामी, हत्यारांचे दांडे त्याचेच करतात. पण पहिल्याच धनुष्याला धामण नको. ते सुकवायला वेळ लागतो, आणि पाठीवरचं, म्हणजे निशाणाकडच्या बाजूचं, वर्षवलय एकसंध राखून तासणं हे नवख्याचं काम नाही. बांबूची साल निसर्गानेच पाठ करून दिलेली असते.

अनगोळची आई:
माझा मुलगा आठ वर्षांचा. मागच्या नवरात्रात शेजारच्या मुलांनी खराट्याच्या काड्यांचे बाण केले होते आणि अंगणात एकमेकांवर नेम धरत होते. मी सगळं काढून घेतलं, तर मीच वाईट ठरले. आता इथे वडीलच हौसेने धनुष्य करून देणार म्हटल्यावर मन धजत नाही. कुणी डोळ्यांचे डॉक्टर आहेत का इथे?

दृष्टी:
आहे. ताई, तुम्ही काड्या काढून घेतल्यात ते योग्यच केलंत. खराट्याची काडी हा सगळ्यात वाईट बाण. वजनाला हलकी म्हणून घरचे दुर्लक्ष करतात, पण टोक सुईसारखं असतं. दसऱ्याच्या सुमारास खेळण्यातल्या बाणांनी मुलांच्या डोळ्यांना इजा होते, हे आपल्या देशातल्या नेत्रतज्ज्ञांनी वेळोवेळी नोंदवलेलं आहे. बुबुळाला छेद गेला तर टाके घालूनही नजर पूर्ववत येईलच असं नसतं. जखमेतून जंतू आत गेले तर डोळा गमावण्याची पाळी येते. काडी, काटा, कडबा अशा वनस्पतीच्या टोकाने झालेल्या जखमेत बुरशीचा संसर्ग होतो आणि तो बरा करणं फार चिवट काम असतं.

तरीही मी धनुष्याला नको म्हणणार नाही. टोक बोथट आणि रुंद हवं, डोळ्याच्या खोबणीत शिरणार नाही एवढं. म्हणजे निदान चार-साडेचार सेंमी व्यासाचं, मऊ. खेळताना पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा घालावा. साध्या काचेचा नंबरचा चष्मा हे संरक्षण नव्हे, तो फुटला तर आणखी घात. पहिल्या दिवसापासून नियम एकच: माणसाकडे, जनावराकडे आणि आभाळाकडे धनुष्य उचलायचं नाही. आभाळात सोडलेला बाण कुठे पडेल ते कुणालाच सांगता येत नाही.

आणि कधी लागलंच, तर डोळा चोळू नका, दाबू नका. काही रुतलं असेल तर ओढून काढू नका आणि पाण्याने धूत बसू नका. कागदी पेल्याचा तळ डोळ्यावर उपडा ठेवून, डोळ्याला न टेकेल असा, चिकटपट्टीने बसवा आणि तडक दवाखाना गाठा. वाटेत मुलाला खायला-प्यायला देऊ नका, शस्त्रक्रिया करावी लागू शकते. तूप, दूध, मध, घरातले जुने थेंब, यातलं काहीही घालू नका. हे मी हात जोडून सांगतो.

टिळकवाडीकर:
डॉक्टर, मनापासून आभार. हे सगळं छापून घरात लावतो. चष्मा आधी, धनुष्य नंतर, असं घरी कबूल केलंय. ताई, तुमची काळजी आमच्याही घरात आहेच, म्हणून तर विचारतोय.

शाहूनगर:
एवढा खटाटोप कशाला? अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप घ्या, दोन टोकांना खाचा मारा, झालं.

सुतारमामा:
पाइपचं नको दादा. उन्हात पडलं की ते ठिसूळ होतंय आणि मोडताना त्याचे धारदार तुकडे उडतात. लहान पोराच्या तोंडासमोर ते नको.

टिळकवाडीकर साहेब, माप लिहून घ्या. पसरलेल्या हातांच्या मापाला अडीचने भागायचं. ११६ चे साधारण ४६ सेंमी आले. तेवढी तिची ओढ, म्हणजे दोरी पूर्ण ताणल्यावर मूठ ते दोरी हे अंतर. धनुष्य ओढीच्या अडीच पटीच्या खाली जाऊ द्यायचं नाही. १२० सेंमी ठेवा, म्हणजे तिच्या उंचीएवढंच झालं. आखूड केलं की मोडतंय, हे ध्यानात ठेवा.

कांब चिरताना कोयता मधोमध लावून ठोकत जायचं. धार एका बाजूला पळायला लागली तर जाड बाजू दाबून वाकवायची, धार परत मध्यावर येते. कांब ३ सेंमी रुंद काढा. मध्यावर वीतभर तशीच ठेवा, तिथून दोन्ही टोकांकडे निमुळती करत सव्वा सेंमीवर आणा. सालीकडची बाजू ती पाठ, ती निशाणाकडे राहती. पाठीवर कानस, रंधा, काचपेपर काही लावायचं नाही. ओढताना पाठीवर ताण येतोय, तो सगळा सालीखालचे तंतू पेलतात. एक तंतू तुटला की तिथूनच चीर धरतीय. गाठीचा उंचवटासुद्धा पाठीकडून तासायचा नाही. तासायचं ते पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या आतल्या बाजूने. आतल्या बाजूच्या गाठीचा पडदा मात्र पोटाकडून साफ काढून टाका.

जाडी आधी ९ मिलिमीटर ठेवा. जास्तच ठेवायची, कारण काढता येतंय, घालता येत नाही. टोकापासून बोटभर आत दोन्ही कडांना तिरक्या खाचा मारा, पाठीवरून आडवी खाच कधीच नको. मग लांब ढिली दोरी लावून मधला भाग भिंतीतल्या खुंटीवर ठेवा, दोरीला लटकता स्प्रिंगकाटा अडकवा आणि खाली ओढा. लांब उभं राहून बघायचं. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत, मधली मूठ ताठ राहिली पाहिजे. जिथं कमी वाकतंय तिथं पेन्सिलीने खूण करा आणि तेवढंच पोटाकडून खरवडा. इथं कानस पण नको, काचेचा ताजा तुकडा घ्या, हातमोजा घालून. त्याच्या कडेने भुग्यासारखी पातळ साल निघतीय. दहा-बारा घासे मारले की परत काट्याला लावायचं. दर वेळी आधी वीस-पंचवीस हलक्या ओढी द्यायच्या, तेव्हा लाकडाला कळतंय की आपलं काय काढलंय.

४६ सेंमीला काटा ४ किलो दाखवायला लागला की थांबा. सात वर्षांच्या लेकराला पाचाच्या वर नको. जोराची हाव धरू नका. धनुष्य त्या हाताला सोसलं पाहिजे, नाहीतर पोर एकदा ओढून बाजूला ठेवतंय.

जांबोटीकर:
मामा, कांब वाकडी असली तर?

सुतारमामा:
निखाऱ्यावर धरायची, जाळावर नाही. थोडं खोबरेल चोळून एका जागी न ठेवता फिरवत राहायचं. हाताला चटका बसण्याइतकी तापली की गुडघ्यावर सरळ करून गार होईपर्यंत तशीच धरायची. तपकिरी पडायला लागली तर जास्त झालं. हे सगळं तासायच्या आधी करा, नंतर नाही.

अथणीकर:
आमच्या बाजूला बांबू फारसा नाही. लहानपणी निरगुडीच्या सरळ फोकाची धनुष्यं करायचो आणि शाळूच्या ताटाचे बाण. ताट हलकं, टोक बोथट, म्हणून मोठी माणसं काही म्हणायची नाहीत. पण ताट चिरलं की त्याची साल पात्यासारखी कापते, तेव्हा असला बाण लगेच टाकून द्यायचा. डॉक्टरांनी कडब्याबद्दल लिहिलं ते वाचल्यावर आता ताटालाही वर रबर बसवलेलं बरं असं वाटतं.

एक उपयोगाचं सांगतो. अथणी-निपाणीकडे कोल्हापुरी चपला करणाऱ्यांकडे चामड्याचं कातरण मिळतं. पंजापासून कोपरापर्यंतची एक पट्टी धनुष्य धरणाऱ्या हाताला आतून बांधा, दोरी घासत नाही. मुठीवर कडेला लहानसा चौकोन चिकटवला की बाण बोटांच्या सांध्याला ओरखडत नाही.

चंदगडी:
दोरीचं कुणी बोललंच नाही. आमच्याकडे घायपाताच्या आणि अंबाडीच्या वाखाच्या दोऱ्या वळायचे. वाख ताणत नाही, म्हणून धनुष्याला चांगला. पण पावसाळी हवेत ओला होतो आणि खाचेपाशी घासून तुटतो. आता सोपं म्हणजे चामडं शिवायचा जाड पॉलिस्टर दोरा. नायलॉन नको, ते ताणतं, दर थोड्या वेळाने दोरी ढिली. आठ-दहा पदर दोन भागांत घेऊन, प्रत्येक भाग एका दिशेला पीळ देऊन दोन्ही एकमेकांवर उलट्या दिशेला वळायचे. सुतळी वळतात तसंच. मेण लावत वळा. दोरीने धनुष्याच्या ताकदीच्या निदान चौपट वजन पेललं पाहिजे, तेव्हा १६-२० किलोचं गाठोडं टांगून बघा. चढवल्यावर दोरी आणि मूठ यांत मुलीच्या उघड्या अंगठ्यासकट मुठीएवढं अंतर राहू द्या.

धनुर्धर सातारा:
मी मुलांना शिकवतो, म्हणून शिकवण्याच्या बाजूने लिहितो. डावखुरी असल्याने घाबरू नका, असलं साधं धनुष्य दोन्ही बाजूंनी सारखंच असतं. पण आधी तिचा प्रधान डोळा, म्हणजे नेम धरताना पुढाकार घेणारा डोळा, कुठला ते बघा. हात लांब करून दोन्ही पंजांची लहान खिडकी करायला सांगा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरचं झाड बघायला सांगा आणि खिडकी हळूहळू चेहऱ्याकडे आणायला सांगा. ती ज्या डोळ्यासमोर येईल तो प्रधान. डावा असेल तर धनुष्य उजव्या हातात, ओढ डाव्या हाताने.

तीन बोटं दोरीवर, एक बाणाच्या वर, दोन खाली. बाण चिमटीत धरून ओढायची सवय लागू देऊ नका. आणि बाण न लावता दोरी ताणून सोडायची नाही. ती सगळी ताकद बाणात न जाता धनुष्यातच उलटते आणि कांब फुटते.

मैदानावर शिट्टीची शिस्त असते: दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एक झाली की सोडायला सुरुवात, तीन झाल्या की बाण आणायला जायचं, आणि लागोपाठ पाच-सहा वाजल्या की सगळ्यांनी तिथल्या तिथे थांबायचं. घरी हीच पद्धत ठेवा, शिट्टी आईच्या गळ्यात. दोन-चार मुलं जमली की याचाच आधार.

बांबूच्या धनुष्याला कमी लेखू नका. आपल्याकडे 'इंडियन राउंड' नावाचा स्पर्धाप्रकार देशी बांबूच्या धनुष्यावरच चालतो आणि पुष्कळ मुलं तिथूनच सुरुवात करतात. राजस्थानचे लिंबा राम आदिवासी घरातले, लहानपणी बांबूच्या धनुष्यावर हात बसवून पुढे १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये गेले. आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये जागतिक विजेती झाली तेव्हा फक्त १७ वर्षांची होती. तुमच्या मुलीला पुढे आवड टिकली तर प्रशिक्षकाकडे न्या, तोवर तिला फक्त नीट उभं राहायला आणि थांबायला शिकवा.

टिळकवाडीकर:
सगळ्यांचं वाचून काम सुरू केलं. सासऱ्यांच्या माळ्यावर धुरकटलेला कळक निघाला, मामांच्या मापाने कांब चिरली. मुलगी काट्यावरचा आकडा वाचते आणि पेन्सिलीच्या खुणा तीच करते. तिची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. लांब उभी राहून म्हणाली, "वरच्या बाजूला एका ठिकाणी कोपर झालंय." बघतो तर खरंच. टोकापासून दीड वीत अंतरावर, दोन गाठींच्या मध्ये, कांब बाकीच्यापेक्षा जास्त मोडून वाकते. काटा सध्या ३८ सेंमीला ५ किलो दाखवतो. ही कांब वाया गेली का?

सुतारमामा:
वाया कशाला जाती? पोरीने बरोबर ओळखलं. बांबूत गाठ ताठ असतीय आणि दोन गाठींमधली जागा मऊ, म्हणून तिथं कोपर पडतंय. आता त्या जागेवर लाल खूण करा आणि हात लावू नका. त्याच्या अलीकडे-पलीकडे, खास करून गाठींच्या दोन्ही अंगांना पोटाकडून खरवडा. खालची बाजू पण तेवढीच हलकी करा, नाहीतर ती ताठ राहून वरच्या बाजूला जास्त ओढती. हे करताना ताकद उतरणार. तुमच्याकडे अजून जागा हाय, पाचवरून चारवर यायचंच होतं. तोवर ३८ च्या पुढे ओढू नका. कोपर जाईपर्यंत पूर्ण ओढ द्यायची नाही.

अनगोळची आई:
मुलीने खुणा केल्या हे वाचून बरं वाटलं. माझ्या मुलालाही करायला बसवलं तर तो त्याची किंमत ठेवेल असं वाटतंय. बाणांचं मात्र नीट सांगा, माझा जीव तिथेच अडकलाय.

जांबोटीकर:
ताई, असं करा. माणग्याची नाहीतर कुठल्याही जून बांबूची कामटी करंगळीपेक्षा बारीक, ८ मिलिमीटर गोल करायची. लांबी ओढीपेक्षा आठ-नऊ सेंमी जास्त, म्हणजे मूल कितीही जोरात ओढू दे, बाणाचं टोक मुठीच्या आत येणार नाही. आखूड बाण आत आला तर हातात घुसतो, म्हणून लांबीत काटकसर नको. मागची खाच अशी घ्या की गाठ खाचेच्या लगेच पुढे राहील, मग कामटी चिरत नाही, आणि खाचेखाली दोरा गुंडाळा. पिसांसाठी कोंबडीच्या पंखाची लांब पिसं, तीन, एकाच बाजूच्या पंखाची. टोकाला खुर्चीच्या पायाचं रबरी बूच बसतं, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या रुंदीला ते पुरत नाही. त्यावर जुन्या स्लिपरच्या रबराची चकती अराल्डाइटने बसवा आणि वरून कापड ताणून बांधा.

निशाण म्हणून भाताचं पिंजर ठासून भरलेलं गोणपाट, आणि त्याच्या मागे दोरीवर जुनं घोंगडं मोकळं सोडायचं. ताठ फळीवर आपटून बाण उलटा येतो, घोंगड्यात मात्र जीव सोडून खाली पडतो.

टिळकवाडीकर:
झालं. कोपर गेलं, वाक दोन्हीकडे सारखा आला. ४६ सेंमीला काटा ४ किलोला किंचित कमी. ती चष्मा घालून, रेषेवर उभी राहून, शिट्टीची वाट बघत सोडते. प्रधान डोळा डावाच निघाला. आता मामा, पाठीला काही लावायचं का, आणि ठेवायचं कसं? आमच्याकडे भिंती पावसाळ्यात ओलसर असतात.

सुतारमामा:
दोरी उतरवून ठेवायचं, खेळ संपला की लगेच. चढवलेलंच ठेवलं तर वाक धरतंय. जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्या, मधे पूर्ण वाळू दे. भिंतीला टेकून उभं करू नका, दोन खुंट्यांवर आडवं ठेवा, चुलीजवळ नाही आणि उन्हातही नाही. खेळायच्या आधी दर वेळी पाठीवरून हाताचं बोट फिरवा. कूस लागली किंवा बारीक टक् असा आवाज आला तर ते धनुष्य बंद. बाणाचं रबर ओढून बघा, हललं तर तो बाण बाजूला. तिचा हात वाढतोय, पुढच्या वर्षी ओढ ४८ सेंमीच्या पुढे गेली तर यात ताणू नका. कळकाचा उरलेला अर्धा तुकडा चुलीवरच्या आढ्यालाच बांधून ठेवा, त्यातनं १३५ सेंमीची कांब निघती का ते आत्ताच मोजून घ्या.